ज्याला शंका, त्याच्यासाठी

यांगझोमला काही विचारलं की ती गप्प बसायची. उत्तर येत नाही म्हणून नव्हे, आलेलं उत्तर उलटंसुलटं करून पाहायची सवय म्हणून. स्पितीतल्या तिच्या गावात याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. तिचे वडील तर ‘घोडा विकायचा का?’ या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी देत, आणि गिऱ्हाईकही रात्रभर थांबत असे. पण बाविसाव्या वर्षी ती कांगड्याला भिक्षुणींच्या मठात आली आणि तिनं जो अभ्यास पत्करला, त्यात गप्प बसणं हाच सगळ्यात मोठा दोष.

तर्क इथे अंगणात शिकतात. एकीनं खाली बसायचं, दुसरीनं तिच्यासमोर उभं राहून विचारायचं. प्रश्न संपला की उभी असलेली डावा पाय जमिनीवर आपटते आणि टाळी वाजवते, बसलेलीच्या अगदी नाकासमोर. बसलेलीनं लांबण लावायची नाही. तिला चारच उत्तरं दिलेली असतात. मान्य. का? कारण असिद्ध. व्याप्ती नाही. ‘का?’ म्हणजे तुझं म्हणणं मला पटलेलं नाही, आधार दे. आधार दिला आणि तो मुळातच खोटा असला, तर ‘कारण असिद्ध’. आधार खरा आहे पण त्यातून ते निघत नाही, तर ‘व्याप्ती नाही’. उत्तराला उशीर झाला की भोवतालच्या सगळ्याजणी ‘छीर! छीर! छीर!’ असा गिल्ला करतात. म्हणजे बोल, बोल, बोल. आणि आधी मान्य केलेल्याच्या उलट बोललीस की उभी असलेली हाताची पाठ तळव्यावर हाणून ओरडते, ‘त्सा!’ या एका शब्दात फजितीचे जेवढे म्हणून प्रकार आहेत तेवढे सगळे मावतात.

पहिल्या वर्गात दामदुल गुरुजींनी, म्हणजे सगळ्यांच्या गेन-लांनी, तिला विचारलं, “पांढरा घोडा पांढरा असतो?”

यांगझोमच्या घरी पांढरा घोडा होता. आयुष्यात पहिल्यांदाच ती पटकन बोलली, “मान्य.”

“मग पांढरा घोडा हा रंग आहे, कारण तो पांढरा आहे. आणि पांढरा हा रंग आहे.”

ती गप्प झाली. घोडा हा घोडा आहे, रंग नव्हे. पांढरा असतो तो घोड्याचा रंग. पहिल्या वर्गातल्या प्रत्येकीला इथे ‘त्सा!’ खावी लागते, तशी तिनंही खाल्ली. बाकीच्या मुली हसून मोकळ्या झाल्या. यांगझोम तीन दिवस त्यावर विचार करत राहिली आणि चौथ्या दिवशी सकाळी गेन-लांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“गेन-ला, मग मी बसत होते कशावर?”

गेन-ला सत्तू मळत होते. “घोड्यावर,” ते म्हणाले. “आणि आत्ता उभी आहेस माझ्या उजेडात. सरक.”

हे वळण तिच्या अंगात किती मुरलं ते बाजारात कळायचं. खालच्या चौकातला मेहरचंद मठाला दूध घालायचा. एकदा दूध पातळ आलं म्हणून ती तक्रार घेऊन गेली.

“माताजी, दूध चांगलंच आहे. का, तर गाय माझ्या घरची आहे,” मेहरचंद म्हणाला.

यांगझोम बराच वेळ उभी राहिली. मेहरचंदनं दोन गिऱ्हाइकं उरकली.

“व्याप्ती नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे काय?”

“घरची गाय असली म्हणजे दूध चांगलं असतंच असं नाही. पाणीसुद्धा घरचंच असतं.”

तेव्हापासून मेहरचंद तिला वकीलसाहेब म्हणू लागला, आणि दूध थोडं घट्ट येऊ लागलं.

अशी वीस वर्षं गेली. वर्गातल्या निम्म्याजणी अभ्यास सोडून गेल्या. कुणी घरी आजारी आई होती म्हणून, कुणी पाठांतराला कंटाळून. तिची जोडीदारीण देक्यी, तिच्याहून चार वर्षांनी लहान आणि जिभेनं चारपट चलाख, अभ्यासाच्या दहाव्या वर्षी मठाच्या कचेरीत गेली. तिथली कपाटं तिनं अशी लावली की कुठलाही कागद डोळे मिटून सापडावा. पण वाद घालायचं तिचं व्यसन सुटलं नाही. दुपारी जेवण झालं की ती यांगझोमला खाली बसवायची आणि स्वतः उभी राहून टाळ्या वाजवायची.

यांगझोम टिकली. शेवटच्या परीक्षेपर्यंत पोचली. ही परीक्षा पार केलेल्या भिक्षुणीला गेशेमा म्हणतात, म्हणजे शास्त्रांची आचार्या. भिक्षूंना हे पद शतकानुशतकं मिळत आलं होतं, भिक्षुणींना मिळू लागून थोडीच वर्षं झाली होती. यांगझोमच्या लहानशा मठात तोवर एकही गेशेमा झाली नव्हती. पहिला वर्ग गेन-लाच घ्यायचे. ते दक्षिणेतल्या एका मोठ्या मठातून इथे पाच वर्षांसाठी आले होते आणि तेवीस वर्षं राहिले. आता एक्काहत्तरी झाली होती आणि कांगड्याची थंडी गुडघ्यात शिरली होती. परत जायचं त्यांनी ठरवलं होतं.

त्यांच्यामागे पहिला वर्ग कोण घेणार, हा प्रश्न यांगझोमच्या निकालावर अडला होता. ती उत्तीर्ण झाली तर ती. नाही झाली तर दक्षिणेतून दुसरे भिक्षू येणार. मठाच्या प्रमुखबाईंनी तसं पत्र लिहून ठेवलं होतं, टाकलं मात्र नव्हतं. यांगझोमला तो वर्ग हवा होता. हे ती कुणाला बोलली नव्हती. पण तिनं पहिल्या वर्गाचं फाटकं पुस्तक नव्यानं शिवून घेतलं होतं, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्या वर्गाचं पुस्तक कुणी उगीच शिवत नाही.

आदल्या वर्षी ती नापास झाली होती. लेखी उत्तम. वादात पंधरा मिनिटांचा वेळ, त्यात तिनं पाच उत्तरं दिली. पाचही बरोबर. परीक्षकांनी शेरा लिहिला होता: बसणारी विचार चांगला करते, पण घंटा आधी होते.

त्यामुळे यंदा देक्यीनं तिला धारेवर धरलं. स्वयंपाकघरातलं पावाचं घड्याळ, ते टिकटिकत शेवटी किर्र वाजणारं, तिनं उचलून आणलं.

“दहा टिकटिकांत उत्तर आलं पाहिजे, आचा,” ती म्हणायची. आचा म्हणजे ताई. “चुकलं तरी चालेल.”

“चुकलं तर कसं चालेल?”

“आलीस का परत! अगं, तुझी बरोबर उत्तरं घंटेनंतर कुणाला ऐकू येतात? आंधळ्याला आरसा काय आणि परीक्षकाला तुझं मौन काय.”

चार महिने हे चाललं. यांगझोम दहावरून सहा टिकटिकांवर आली. स्वयंपाकघरातल्या भिक्षुणी मात्र वैतागल्या. घड्याळ नसल्यामुळे त्या चार महिन्यांत टिंगमो, म्हणजे वाफेवरचे पाव, कधी कच्चे, कधी दगड.

परीक्षा दुसऱ्या मठात होती. पत्र्याच्या मांडवाखाली दीडशे भिक्षुणी, समोर तीन परीक्षक. यांगझोमच्या वाट्याला आले ते दक्षिणेतले गेशे होते, बारीक बांध्याचे, टाळी मात्र बंदुकीसारखी. चिठ्ठीत विषय निघाला हेतू. म्हणजे एखादी गोष्ट सिद्ध करायला दिलेलं कारण खरं कधी म्हणायचं. पहिल्या वर्गापासून घोकलेलं उदाहरणच त्यांनी घेतलं.

“आवाज टिकत नाही, कारण तो निर्माण होतो. हा हेतू खरा?”

“मान्य.” तीन टिकटिका.

“तो तुझ्यासाठी खरा हेतू आहे.”

“का?” चार टिकटिका. मांडवाच्या कडेला उभ्या देक्यीनं मूठ आवळली. मस्त चाललं होतं.

“कारण तो खरा हेतू आहे.”

इथे एकच उत्तर बरोबर होतं: व्याप्ती नाही. हेतू खरा आहे, पण म्हणून तो प्रत्येकासाठी खरा होत नाही. या शास्त्रात हेतूला आणखी एक अट आहे. ऐकणाऱ्याला ती गोष्ट जाणून घ्यायची असली पाहिजे, त्याच्या मनात शंका असली पाहिजे. ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला काय सिद्ध करून दाखवणार? यांगझोमला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, अर्थात थोड्या वेळानं. पण तिच्या डोक्यात पावाचं घड्याळ टिकटिकत होतं.

“कारण असिद्ध,” ती म्हणाली.

म्हणजे हेतू खराच नाही. तिनं स्वतःच दोन श्वासांपूर्वी मान्य केलेला हेतू.

“त्सा!”

मांडव फुटला. दीडशेजणींनी टाळ्या पिटल्या. देक्यीनं डोळे मिटले. चार महिन्यांचं घड्याळ तिनंच आणलं होतं.

यांगझोम गप्प झाली. आता हे तिचं जुनं गप्प बसणं होतं. तिनं पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली आणि एकेक पायरी उतरत आली. भोवती ‘छीर! छीर!’ चाललं होतं, पत्र्याला हादरे बसत होते. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट गेलं. कुणी म्हणतं दोन.

“मागचं उत्तर मागे घेते,” ती म्हणाली. “व्याप्ती नाही.”

उत्तर मागे घेता येतं. पण ते लिहून ठेवतात.

“हेतू खरा आणि तुझ्यासाठी मात्र नाही? कसं ते दाखव.”

“आवाज टिकत नाही हे मला माहीत आहे. शंका नाही. गेली वीस वर्षं नाही.”

“मग हा हेतू आहे तरी कुणासाठी?”

“ज्याला शंका आहे त्याच्यासाठी.”

“असं कुणी दिसतंय तुला इथे?”

“इथे नाही,” ती म्हणाली. “पहिल्या वर्गात आहेत.”

हशा पिकला. परीक्षकांचा चेहरा हलला नाही. त्यांनी पुढच्या प्रश्नासाठी हात वर नेला आणि घंटा झाली.

परतीच्या गाडीत देक्यी काहीच बोलली नाही. ही गोष्ट इतकी दुर्मिळ होती की शेवटी यांगझोमच म्हणाली, “घड्याळाचा दोष नाही.”

“कारण असिद्ध,” देक्यी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

निकालाला सात आठवडे होते. यांगझोमनं मनाशी निकाल लावून टाकला होता. स्वतःच्या तोंडानं मान्य केलेलं स्वतःच खोडलं, भर मांडवात त्सा झाली, उत्तर मागे घ्यावं लागलं. जिचं असं होतं ती नापास होते. सहाव्या आठवड्यात ती प्रमुखबाईंकडे गेली आणि कोठीघराची किल्ली मागितली. “कोठीवाल्या भिक्षुणीला दिसत नाही नीट. मी बघते यापुढे.” प्रमुखबाईंनी किल्ली दिली, पण दक्षिणेचं पत्र त्या दिवशीही टाकलं नाही. पत्रपेटी भरली होती असं त्यांनी नंतर सांगितलं.

गेन-लांचं तिकीट निघालं होतं. ट्रंक बांधून दारात ठेवली होती. यांगझोम त्यांना चहा द्यायला गेली की ते परीक्षेचा विषय काढत नसत, आणि काढत नाहीत म्हणून ती अधिकच धसका घेत असे.

निकाल आला तो मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास. यांगझोम कोठीघरासमोर मुळ्याच्या चकत्या उन्हात पसरत होती. कचेरीच्या बाजूनं देक्यी आली. दोन्ही हात पाठीमागे. समोर येऊन उभी राहिली आणि तिनं डावा पाय आपटला.

“बस खाली.”

“मुळा राहिलाय.”

“आचा, बस म्हणते ना!”

यांगझोम मुळ्याच्या टोपलीशेजारी बसली. देक्यीचा चेहरा वादाला उभं राहिल्यावर असायचा तसाच होता, लाकडी. त्यावरून काही कळायची सोय नव्हती.

“यांगझोम नापास झाली.”

“मान्य,” यांगझोम लगेच म्हणाली.

“का मान्य? मूर्ख कुठली! आधार न ऐकताच मान्य? तुला वीस वर्षं हेच शिकवलं? परत. यांगझोम नापास झाली.”

यांगझोमनं तिच्याकडे बघितलं. “का?”

“कारण भर मांडवात तिची त्सा झाली.”

आता मात्र ती थांबली. कोठीघराच्या पत्र्यावर कावळा चालत होता. सात आठवडे तिनं हेच कारण उशाशी घेऊन काढले होते, पण ते कुणी असं समोर उभं करून विचारलं नव्हतं. त्सा झाली, हे खरं. त्याला असिद्ध म्हणता येत नव्हतं. पण ज्याची ज्याची त्सा होते तो तो नापास होतो? दामदुल गेन-लांची त्यांच्या परीक्षेत तीनदा झाली होती. ते स्वतः हसत सांगायचे.

“छीर! छीर!” देक्यी हळूच म्हणाली.

“व्याप्ती नाही,” यांगझोम म्हणाली.

“हुश्श! सात आठवडे लागले बाईला.” देक्यीनं पाठीमागचा हात पुढे आणला. हातात कचेरीचा फोन होता. “आता नीट ऐक. यांगझोम उत्तीर्ण झाली, कारण तिचं नाव यादीत आहे. हा हेतू माझ्यासाठी खरा नाही, मी यादी वाचली आहे. पण तुझ्यासाठी खरा आहे, तुला अजून शंका आहे.” आणि तिनं फोन काखेत धरून अशी टाळी वाजवली की कावळा उडाला.

यांगझोमनं फोन घेतला. चष्मा कोठीघरात राहिला होता. तिनं फोन लांब धरला, मग जवळ धरला. सोळावं नाव होतं. गाव, मठ, वडिलांचं नाव सगळं तिचंच होतं. तिनं फोन परत दिला, हात झग्याला पुसले, आणि पुन्हा मागितला.

तिचा जीव भांड्यात पडला तो असा, हप्त्याहप्त्यानं. आधी तिनं मुळ्याची टोपली सावलीत सरकवली. मग ती रडली नाही, हसली नाही, नुसती कोठीघराच्या पायरीला पाठ टेकून बसली. सात आठवड्यांत पाठ कशाला टेकलीच नव्हती हे तिला तेव्हा जाणवलं. देक्यी शेजारी बसून मुळ्याच्या कच्च्या चकत्या खात राहिली.

“परीक्षकांनी शेराही लिहिलाय,” देक्यी म्हणाली. “चूक केली, स्वतःच शोधली. सावकाश.”

“सावकाश चांगल्या अर्थानं की वाईट?”

“ते नाही लिहिलं. त्यावर तू विचार कर. हिवाळा पडलाय पुढे.”

दोघी गेन-लांकडे गेल्या तेव्हा ते ट्रंकेवर बसून गुडघ्याला तेल लावत होते. यांगझोमनं सांगितलं. त्यांनी तेलाची बाटली बंद केली.

“मला काल रात्रीच कळलं,” ते म्हणाले. “तिकडून फोन आला होता.”

“मग सांगितलं का नाही, गेन-ला!” देक्यी ओरडली.

“यादी आल्याशिवाय सांगू नका म्हणाले ते. आणि यांगझोम, तू नापास झाली असतीस, तर नवा माणूस येईपर्यंत मला हा हिवाळा इथेच काढावा लागला असता. माझे गुडघे तुझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. काल रात्री ते तेवीस वर्षांत पहिल्यांदा झोपले.”

यांगझोमनं देक्यीच्या हातातला फोन पुन्हा घेतला.

“आता कशाला बघतेस?” गेन-ला म्हणाले. “ज्याला माहीत आहे त्याला हेतू लागत नाही. परीक्षेत तूच सांगितलंस.”

“कारण असिद्ध, गेन-ला,” ती म्हणाली. “मला अजून पुरतं माहीत नाही.”

त्या दिवशी दुपारी प्रमुखबाईंनी दक्षिणेचं पत्र फाडलं आणि कोठीघराची किल्ली परत मागून घेतली. पावाचं घड्याळ स्वयंपाकघरात परत गेलं. मेहरचंदला बातमी संध्याकाळच्या दुधाबरोबर कळली. “वकीलसाहेब जज झाल्या म्हणायचं,” तो म्हणाला आणि त्यानं अर्धा शेर वर घातलं. यांगझोमनं ते भांडं उजेडात तिरकं करून पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, “आजचं बघू नका, आज खरंच दूध आहे.”

गेन-ला गेले त्यानंतरच्या सोमवारी तिनं पहिला वर्ग घेतला. अकरा मुली होत्या. तिघी स्पितीच्या, एक किन्नौरची, बाकीच्या तिबेटी वस्त्यांमधल्या. यांगझोम शिवलेलं पुस्तक मांडीवर घेऊन बसली. पहिल्या दिवशी शिक्षिकेनं बसायचं आणि मुलींनी विचारायचं, असं तिनं ठरवलं होतं. गेन-ला उलटं करायचे. विचारायचं काय ते तिनं सांगून ठेवलं होतं. स्पितीची एक ठेंगणी मुलगी उभी राहिली. तिनं पाय आपटला, टाळी चुकवली, पुन्हा वाजवली.

“पांढरा घोडा पांढरा असतो.”

“का?” यांगझोम म्हणाली.

मुलीला पुढचं पाठ नव्हतं. ती इकडेतिकडे बघू लागली. मग तिनं स्वतःच्या मनानं कारण दिलं.

“कारण तो बर्फात उभा राहिला की आमच्या आजोबांना सापडत नाही.”

वीस वर्षांत हे कारण कुणी दिलं नव्हतं. पुस्तकात ते नव्हतं. यांगझोमनं चष्मा काढला. घोडा सापडत नाही हे खरं मानायचं का? मानलं तर जे बर्फात सापडत नाही ते ते पांढरं असतं का? वडिलांची काळी काठीही एकदा बर्फात पडली ती चैत्रातच सापडली होती. पण ही मुलगी रंगाबद्दल बोलत होती की घोड्याबद्दल, ते आधी वेगळं करायला हवं होतं.

अकरा मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मागच्या रांगेतून एकीनं दबकत सुरुवात केली, मग सगळ्यांनी आवाज मिसळला.

“छीर! छीर! छीर!”

यांगझोमनं चष्म्याची काच झग्यानं पुसली, उजेडात धरून पाहिली आणि दुसरी काच पुसायला घेतली.